तुतू : एका नृत्यवेषाचे रूप आणि त्याचे नाव

१

पोशाखाचा इतिहास लिहिणारे वस्तूचा विचार करतात आणि तिच्या नावाकडे फारसे पाहत नाहीत. व्युत्पत्ती सांगणारे नावाचा विचार करतात आणि वस्तू विसरतात. युरोपातील बॅले या नृत्यप्रकारात नर्तकी जो पांढरा, जाळीदार थरांचा, कमरेभोवती पसरलेला पोशाख घालते, त्याच्या बाबतीत मात्र हे दोन विचार एकमेकांपासून तोडता येत नाहीत. या पोशाखाचे फ्रेंच नाव 'तुतू'. मराठीत ते इंग्रजीच्या वाटेने आल्यामुळे 'टूटू' असे मूर्धन्य उच्चाराने ऐकू येते. परंतु फ्रेंचमधील मूळ व्यंजन दंत्य आहे आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. म्हणून येथे 'तुतू' हेच रूप स्वीकारले आहे.

तुतू म्हणजे केवळ शोभेची वस्तू, लहान मुलींच्या हौशीचा आणि बाहुल्यांच्या कपाटाचा विषय, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. तुतू हा बॅलेच्या व्याकरणाचा एक घटक आहे. नर्तकीचा पाय कोठपर्यंत दिसावा, हा प्रश्न गेल्या तीन शतकांत वारंवार उपस्थित झाला आणि नृत्याच्या तंत्रात जो बदल घडला त्यानुसार त्याचे उत्तरही बदलत गेले. मात्र त्या पायाकडे पाहणारी दृष्टी एकच नव्हती. एक दृष्टी कलेची होती, दुसरी कुतूहलाची आणि क्वचित लोलुपतेची. पोशाखाची घडण पहिल्या दृष्टीने केली; नाव दुसरीने दिले. या दोहोंचा परस्परसंबंध पाहिल्यावाचून तुतूचे टिकाऊ आकर्षण नीट उलगडत नाही.

२

फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली, तेव्हा बॅले हे दरबारी पुरुषांचे नृत्य होते. पॅरिसच्या ऑपेरात व्यावसायिक स्त्रिया प्रथम नाचल्या त्या १६८१ मध्ये. त्यांचा वेष दरबारी स्त्रियांचाच होता : कंबर आवळणारी ताठ कंचुकी, जमिनीला टेकणारा जड घेर आणि पुढील काळात दोन्ही बाजूंना फुगवटा देणारा सांगाडा. अशा वेषात चालीचा डौल दाखविता येई. पायाचे काम दाखविता येत नसे. उड्या, गिरक्या आणि पायांची चपळ आंदोलने ही त्यामुळे दीर्घकाळ पुरुषांच्या वाट्याची राहिली.

हा निर्बंध दोन नर्तकींनी दोन भिन्न मार्गांनी शिथिल केला. मारी कामार्गो ही १७२६ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आली. हवेत असताना पाय जलद एकमेकांवरून फिरविण्याची, तोवर पुरुषांची मानली गेलेली क्रिया ती करू लागली. ती प्रेक्षकांस दिसावी म्हणून तिने आपला घेर घोट्याच्या वर उचलला. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ मध्ये लंडन येथे 'पिग्मॅलियन' या नृत्यनाट्यात सांगाड्याचा त्याग करून साध्या मलमलीचा सैल वेष परिधान केला. तिला अभिनयासाठी मोकळे शरीर हवे होते. एकीने लांबी कमी केली, दुसरीने वजन कमी केले. पुढील काळात तुतू म्हणून जे रूप सिद्ध झाले, त्यात या दोन्ही प्रवृत्ती एकत्र आलेल्या दिसतात.

३

तुतूच्या पहिल्या रूपाची जन्मतिथी म्हणून १२ मार्च १८३२ हा दिवस सांगितला जातो. त्या दिवशी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. त्याची नृत्यरचना फिलिप्पो तालियोनी यांची होती आणि वायुलोकातील अप्सरेची भूमिका त्यांची कन्या मारी तालियोनी हिने केली. मान व खांदे उघडे ठेवणारी घट्ट कंचुकी, पाठीवर दोन इवले पंख, आणि पोटरीच्या मध्यापासून खाली येणारा, घंटेच्या आकाराचा, पारदर्शक पांढरा घेर असा तिचा वेष होता. वेषकल्पनेचे श्रेय परंपरेने चित्रकार यूजेन लामी यांना दिले जाते.

या वेषाचे नावीन्य कशात होते? पांढरा रंग आणि पातळ कापड ही अगोदरच्या काळातही होती. नावीन्य होते ते वेष, तंत्र आणि प्रकाश यांच्या मेळात. तालियोनी पायाच्या अंगठ्याच्या टोकावर उभी राहत असे. कसरतीचा एक प्रकार म्हणून ही क्रिया पूर्वीही ज्ञात होती. तालियोनीने तिला अर्थ दिला. जमिनीशी संबंध जेमतेम राखणारे शरीर हे वायुरूप स्त्रीचे चिन्ह ठरले. घेर घोट्याच्या वर थांबत असल्यामुळे हे टोकावरचे उभे राहणे दिसे. त्याच वेळी गुडघा व मांडी झाकलेली असल्यामुळे त्यामागील स्नायूंचे श्रम दिसत नसत. नर्तकी उडी घेऊन खाली येई तेव्हा हलके थर तिच्यामागून किंचित उशिरा खाली येत, आणि ती अद्याप हवेतच आहे असा भास होई. ऑपेरात १८२२ पासून वायुदीपांचा उपयोग सुरू झाला होता. त्या प्रकाशात पांढरे थर अंतर्बाह्य उजळून निघत. 'जिझेल' (१८४१) आणि तदनंतरच्या अनेक बॅलेंतील शुभ्रवस्त्रा नर्तकींचे समूह हा याच मेळाचा विस्तार होय.

या हलकेपणामागे यंत्रयुगही उभे होते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी छिद्रे असलेली जी जाळी तुतूसाठी पुढे रूढ झाली, तिचे 'त्यूल' हे नाव फ्रान्समधील याच नावाच्या गावावरून पडले. अशी जाळी पूर्वी हातांनी विणली जाई आणि फार महाग असे. इंग्लंडमधील जॉन हीथकोट यांनी ती विणणाऱ्या यंत्राचे एकस्व १८०९ मध्ये मिळविले. या यंत्राच्या आगमनाने रोष उत्पन्न झाला. १८१६ मध्ये लफबरो येथील त्यांच्या कारखान्यावर हल्ला होऊन यंत्रे फोडण्यात आली आणि हीथकोट यांनी आपला उद्योग टिव्हर्टन येथे हलविला. रंगमंचावरील अप्सरा वायूने विणलेले वस्त्र नेसत असल्याचा भास होई. ते वस्त्र ज्या उद्योगाच्या उत्कर्षामुळे स्वस्त व सुलभ झाले, त्याचा इतिहास असा खडखडाटाचा आणि संघर्षाचा आहे.

४

या मेळाची एक बाजू दारुण आहे. मलमल, जाळी आणि खळ दिलेले विरळ विणीचे सुती कापड ही सर्व अतिशय ज्वालाग्राही असतात. थरांमधील हवा ज्योतीला साहाय्यच करते. उघड्या ज्योतीच्या दिव्यांलगत अशा वेषात नाचणे म्हणजे प्रत्येक प्रयोगात जिवाशी खेळणे होते. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १४ डिसेंबर १८४४ रोजी प्रयोग चालू असताना क्लारा वेब्स्टर या तरुण नर्तकीच्या वेषाने पेट घेतला आणि तीन दिवसांनी तिचे निधन झाले.

याहून अधिक विचार करावयास लावणारी घटना एम्मा लिव्री हिची आहे. सोळाव्या वर्षी, १८५८ मध्ये, तिने 'ला सिल्फीद'मधील प्रमुख भूमिकेने पॅरिसच्या ऑपेरात पदार्पण केले. स्वतः मारी तालियोनी निवृत्तीतून परत येऊन तिची गुरू झाली आणि १८६० मध्ये तिच्यासाठी 'ल पापियों' हा बॅले रचला. त्याच्या कथेत फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने होरपळतात. दरम्यान १८५९ मध्ये रंगमंचावरील वेषांना अग्निरोधक द्रावणाची प्रक्रिया करावी, असा शासकीय आदेश फ्रान्समध्ये निघाला होता. या प्रक्रियेने कापड ताठर व मळकट होई. लिव्रीने अशा वेषात नाचण्यास लेखी नकार दिला आणि परिणामांची जबाबदारी स्वतःवर घेतली. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीच्या वेळी तिने आपला घेर सारखा केला, तो जवळच्या वायुदीपाच्या ज्योतीत सापडला. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती मरण पावली. तिचे वय वीस वर्षे होते. तिच्या जळक्या वेषाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहात जपून ठेवले आहेत.

लिव्रीच्या नकाराला हट्ट म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु तिच्या दृष्टीने तो वेष ही सजावट असती, तर तिने तो जिवापेक्षा मोलाचा मानला नसता. ताठरलेला घेर शरीरामागून उशिरा खाली येत नाही. तो शरीराबरोबरच खाली येतो. म्हणजे ज्या भासावर तिची संपूर्ण कला उभी होती, तो भासच नष्ट होतो. वाक्यातील एखादे पद काढून टाकल्यास उरलेले वाक्य केवळ लहान होत नाही, निरर्थक होते. तसाच हा प्रकार होता. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की, असा निर्णय वीस वर्षांच्या आतील मुलीवर सोपवून मोकळ्या झालेल्या व्यवस्थेला या मृत्यूच्या दायित्वातून मुक्त करता येत नाही.

५

आता नावाकडे वळता येईल. १८३२ मध्ये तालियोनीच्या वेषाला कोणी तुतू म्हणत नव्हते. हा शब्द या अर्थाने फ्रेंचमध्ये रूढ झालेला दिसतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, म्हणजे वस्तू जन्मल्यानंतर सुमारे अर्धशतकाने. 'त्यूल' या कापडाच्या नावावरून तो आला असावा, अशी एक समजूत आहे आणि ती सभ्यही आहे. परंतु कोशकार सामान्यतः वेगळी व्युत्पत्ती देतात. फ्रेंचमध्ये शरीराच्या पार्श्वभागास 'क्यु' असा एक ग्राम्य शब्द आहे. बालभाषेत त्याची द्विरुक्ती होऊन 'क्युक्यु' झाले आणि त्याचे पुढे 'त्युत्यु', म्हणजेच तुतू, असे रूप बनले.

ध्वनिदृष्ट्या ही व्युत्पत्ती सहज पटण्याजोगी आहे. बालभाषेत अभ्यस्त शब्दांचे प्राचुर्य असते. मराठीतील 'भूभू', 'जोजो', 'मम्मं' हे शब्द त्याचीच उदाहरणे होत. बोलू लागलेले मूल कंठ्य व्यंजनांच्या जागी दंत्य व्यंजने योजते, हेही सर्वत्र आढळते. मराठी घरातील मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाय'ला 'दाय' म्हणते, त्याच प्रक्रियेने 'क्युक्यु'चे 'त्युत्यु' होते. फ्रेंच व्यंजन दंत्य आहे याचे महत्त्व ते येथे.

अर्थदृष्ट्या हे लक्षणेचे उदाहरण आहे. अवयवाचे नाव त्यावरील वस्त्रास किंवा अलंकारास मिळणे ही भाषेतील नित्याची घटना होय. कंठावरून 'कंठी' आणि मुंडावरून 'मुंडासे' हे शब्द मराठीत झाले आहेत. खुद्द फ्रेंचमध्ये तुमानीसारख्या वस्त्राचे 'क्युलोत' हे नाव याच 'क्यु'पासून निघाले आणि ते पूर्णपणे प्रतिष्ठित आहे. 'तुतू'चे वेगळेपण लक्षणेत नाही, तिच्या प्रयोजनात आहे. प्रौढ माणसे बालभाषेचा आश्रय घेतात ती बहुधा एखादी ग्राम्य गोष्ट बोलता यावी, पण ती बोलल्याचा ठपका येऊ नये म्हणून. त्या काळी पॅरिसच्या ऑपेरात श्रीमंत वर्गणीदार पुरुषांना नर्तकींच्या दालनात प्रवेश असे, आणि त्या नर्तकींपैकी पुष्कळशा गरीब घरांतील मुली होत्या. या वातावरणात नर्तकीच्या वेषाला असे लाडिक आणि किंचित असभ्य नाव मिळावे, यात आश्चर्य नाही. एदगार दगा यांनी १८८१ मध्ये चौदा वर्षांच्या नर्तकीची मेणाची मूर्ती प्रदर्शित केली, तिला खऱ्या कापडाचा घेर नेसविला होता. अप्सरा नव्हे, तर श्रम करणारी एक कृश मुलगी त्या घेरात उभी होती. अनेक समकालीन प्रेक्षक त्यामुळे अस्वस्थ झाले.

पुढे या शब्दाचा अर्थोत्कर्ष झाला. मूळ अर्थाची जाणीव लोपली, शब्द इंग्रजी, इटालियन, स्पॅनिश आदी भाषांत गेला आणि तेथे त्याला ग्राम्यतेचा स्पर्शही उरला नाही. रशियन भाषेने मात्र हा शब्द न घेता स्वतःचा योजिला : 'पाच्का', म्हणजे गठ्ठा किंवा पुडके. फ्रेंच नाव बघ्याच्या नजरेतून पडले, रशियन नाव थरांवर थर रचणाऱ्याच्या नजरेतून पडले असावेसे वाटते. एकाच वस्तूची दोन भाषांतील ही दोन नावे तिच्या इतिहासातील दोन दृष्टींची साक्ष देतात.

६

आज तुतू म्हटल्यावर जे आखूड आणि आडवे रूप डोळ्यांसमोर येते, ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिद्ध झाले. इटलीतील नृत्यशिक्षणात गिरक्या व तोल यांचे तंत्र फार पुढे गेले होते. व्हर्जिनिया झुक्की ही इटालियन नर्तकी १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे गेली, तेव्हा तेथील प्रचलित लांबीचा घेर नाकारून तिने आखूड घेराचा आग्रह धरला. तिच्या पाठोपाठ आलेल्या पिएरिना लेन्यानी हिने १८९३ मध्ये 'सिंड्रेला'त आणि १८९५ मध्ये पेतिपा व इव्हानोव्ह यांनी नव्याने रचलेल्या 'हंस सरोवरा'त एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेतल्या. या गिरक्यांत आधाराचा पाय जागा सोडतो की नाही, गुडघा केव्हा वाकतो व केव्हा ताठ होतो, दुसरा पाय कोणत्या उंचीवर फिरतो, हे सर्व प्रेक्षकाला पारखता आले पाहिजे. तालियोनीचा घेर श्रम झाकण्यासाठी होता; लेन्यानीच्या काळी श्रमाची अचूकता हीच दाखविण्याची गोष्ट झाली.

याहून मूलभूत कारणही होते. बॅलेतील पायाची प्रत्येक क्रिया मांडीच्या सांध्यातून पाय बाहेरच्या बाजूस वळविण्यावर अवलंबून असते. हा सांधा लांब घेराखाली दिसत नाही. नितंबांच्या पातळीवर आडव्या पसरलेल्या घेराने देहाचे दोन भाग पडतात : वर धड व बाहू, खाली संपूर्ण पाय. नर्तकी पुढे झुकून एक पाय मागे उचलते तेव्हा ही चकती कलते, आणि देहाचा अक्ष किती कलला हे लांबून पाहणाऱ्यालाही कळते. अर्थात या सोयीची किंमत नर्तकीच मोजते. तिला स्वतःचे पाय दिसत नाहीत. जोडीदाराला घेराच्या बाहेर राहून, हात लांबवून, तिचा तोल केवळ स्पर्शाने ओळखावा लागतो. म्हणून तालमीतही वेगळा साधा तुतू बांधून सराव करतात.

आडवा तुतू शिवणे हे शिंप्याचे काम आहे तितकेच स्थापत्याचेही. चुण्या घातलेल्या जाळीच्या दहा-बारा पट्ट्या अंतर्वस्त्रावर एकाखाली एक शिवतात. सर्वांत खालची पट्टी काही बोटेच रुंद असते आणि वरची पट्टी क्रमाने अधिक रुंद होत जाते. आखूड थर लांब थरांना टेकू देतात. मधल्या एका थरात पोलादी तारेचे कडे ओवतात. शेवटी सर्व थर हातांनी, सैल टाक्यांनी एकमेकांशी जोडतात. टाके आवळले तर घेर लाकडासारखा होतो, फार सैल ठेवले तर थर विस्कटतात. वापरात नसताना तुतू उलटा करून ठेवतात, म्हणजे थर स्वतःच्या भाराने लोंबत नाहीत.

तंत्र बदलले तेव्हा हेही रूप बदलले. जॉर्ज बॅलनशीन यांच्या 'सिंफनी इन सी' या रचनेसाठी बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये कड्याशिवायचा, कमी थरांचा, मऊ तुतू तयार केला. मंचावर अनेक नर्तकी दाटीने उभ्या राहत, तेव्हा कड्याच्या एका तुतूचा धक्का लागून शेजारचा तुतू कलंडे. ही अडचण त्यामुळे दूर झाली. विल्यम फोर्साइथ यांच्या १९९६ च्या एका रचनेत तर थर पूर्णपणे गेले आणि हिरवी सपाट चकती तेवढी उरली. व्याकरण तेच, पण अलंकार शून्य, असे त्याचे वर्णन करता येईल.

७

तुतूवर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही. इझाडोरा डंकन हिने कंचुकी, तुतू व टोकाची पादत्राणे या सर्वांना कृत्रिम ठरवून सैल वस्त्रात अनवाणी नृत्य केले. डिसेंबर १९०४ मध्ये पीटर्सबर्ग येथे तिचे प्रयोग झाले. त्या पिढीतील मिखाईल फोकिन यांनी वेष विषयानुरूप असावा असा सिद्धान्त मांडला. परंतु १९०९ मध्ये पॅरिस येथे सादर झालेल्या त्यांच्या 'ले सिल्फीद'मध्ये तालियोनीचा लांब घेरच परत आला. म्हणजे त्यांनी तुतूचे दोन प्रकार हे दोन भिन्न अर्थांचे वाहक मानले. एक दुसऱ्याची जुनी आवृत्ती मानली नाही.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 'मरणोन्मुख हंस' या फोकिन यांच्याच रचनेने जगप्रसिद्ध झालेली अ‍ॅना पाव्हलोव्हा १९२८ मध्ये मुंबईत आली असता रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तिचे नृत्य पाहिले. त्यांनी पुढे बॅलेचे काही शिक्षण घेतले आणि पाव्हलोव्हाच्याच प्रेरणेने त्या भारतीय नृत्याकडे वळल्या. त्यांनी तुतू आपलासा केला नाही, हे योग्यच झाले. कारण उंच उचललेल्या पायासाठी घडलेला वेष, गुडघे बाहेर वळवून अर्धे बसणाऱ्या भरतनाट्यमला निरुपयोगी आहे. आज भरतनाट्यमच्या वेषात पायांमध्ये चुण्यांचा जो पंखा असतो, तो नर्तकी अर्धी बसताच उघडतो आणि त्या मूळ स्थितीची रेषा स्पष्ट करतो. दोन्ही वेषांचे रूप भिन्न आहे, कार्य सारखे आहे.

तुतूच्या आकर्षणाचे रहस्य या कार्यात शोधले पाहिजे. तो सुंदर दिसतो म्हणून टिकला, हे अर्धेच उत्तर झाले. सुंदर दिसणारे कित्येक वेष संग्रहालयात गेले. एका विशिष्ट नृत्यभाषेला जे सांगावयाचे होते, ते दिसावे यासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या कापला, उचलला आणि पुन्हा शिवला गेला. त्याच्या घडणीत कामार्गोचा उचललेला घेर आहे, हीथकोटची जाळी आहे, असंख्य अनामिक हातांचे सैल टाके आहेत. लिव्रीच्या जळक्या वेषाचे अवशेषही त्याच इतिहासाचा भाग आहेत. नाव मात्र समोर बसून पाहणाऱ्यांनी दिले, तेही थट्टेने. ती थट्टा आज कोणाला आठवत नाही. शब्द निर्मळ झाला याचे श्रेय कोशकारांना नाही. ज्या नर्तकींनी त्या वेषात उभे राहून प्रेक्षकाची नजर अवयवावरून क्रियेकडे वळविली, त्यांना ते दिले पाहिजे.